मंगळवार-शुक्रवार टीका बंद

घाणेकरकाका मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या नगरसेवकांवर टीका करायचे नाहीत. उपास नाही, नवस नाही. त्या दोन दिवशी नगरसेवकांच्या बायकोचं डायलिसिस असायचं, म्हणून. बाकीचे पाच दिवस काका त्यांना सोडायचे नाहीत.

गोडदेव नाक्यावर इस्त्रीवाल्याशेजारी काकांचा काळा फळा आहे. रिटायर झाल्यापासून सकाळी सकाळी ते स्टुलावर चढून त्यावर नगरसेवकांना एक प्रश्न विचारतात. 'बागेच्या राखीव जागेवर लग्नाचा हॉल कसा उभा राहिला?' हा त्यांचा आवडता. अक्षर असं, की माझ्या छापील पत्रकाने लाजावं. टोपणनाव नाही, शिवी नाही, 'असं ऐकलं' नाही. नगरसेवकांचा वाढदिवस, नातीची दहावी, गणपतीचे पाच दिवस, सगळं काकांच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खोडलेलं. एकदा नगरसेवकांना डेंग्यू झाला, तर फळ्यावर आठवडाभर नुसते सुविचार होते. तेही काकांनी स्वतः रचलेले. फार वाईट होते.

मी पत्रकं लिहिते. 'जागे व्हा' पासून सुरू होणारी. मला हा प्रकार भयंकर वाटायचा. काका, मुहूर्त बघून कुठे लढाई होते का, मी विचारायची.

"बाय, मुद्दा कुठे पळून जात नाही," ते म्हणायचे.

मुद्दा पळत नसेल, पण हॉलवर मजला चढतोय, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल.

यंदा निवडणूक लागली. शिकवणी घेणाऱ्या आमच्या राऊतबाई नगरसेवकांविरुद्ध उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी ट्रंकेतून एक कागद काढून मला दाखवला. माहिती अधिकारात दोन वर्षं खेटे घालून मिळवलेला. हॉलला परवानगी द्यावी, असं नगरसेवकांचं सहीचं पत्र. मी ते दोनदा वाचलं. रविवारी देतो, छाप, काका म्हणाले.

शनिवारी नगरसेवकांची बायको गेली.

मतदान नवव्या दिवशी होतं. काका म्हणाले, तेरावा होऊ दे. फळा पुसला, त्यावर जुनी चादर टाकली आणि घरी जाऊन बसले.

चार दिवस मी कळ काढली. पाचव्या दिवशी गल्लीत बॅनर लागले. हार घातलेला तिचा फोटो, शेजारी हात जोडलेले नगरसेवक, खाली निशाणी. मी तरातरा काकांच्या खोलीवर गेले.

"सुतक त्याच्या घरात आणि पाळताय तुम्ही," मी म्हटलं. "तो तर तिच्या फोटोवर मतं मागतोय."

 बॅनर काकांनीही पाहिला होता. हलकेपणा आहे, म्हणाले. मग कागद द्या, म्हटलं. नाही म्हणाले. बाई हरतील, म्हटलं. हरतील, म्हणाले. मग मी त्यांना भित्रे म्हटलं, ढोंगी म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"माझी गेली तेव्हा," ते म्हणाले, "पंधरा दिवस मला कोण काय बोलतंय तेच कळत नव्हतं गो. अशा माणसाला प्रश्न विचारून काय उपयोग? उत्तर कोण देणार?"

त्यांनी चहा ठेवला होता. मी तो न घेताच उठले. काकू जाऊन सहा वर्षं झालीत. त्या खोलीत दुसऱ्या कपाची वेळ किती दिवसांनी येत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

राऊतबाई हरल्या. आम्ही सगळ्यांनी काकांना ओळख दाखवणं बंद केलं. नगरसेवकांची माणसं तर आधीपासूनच बोलत नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळी काका स्टूल घेऊन नाक्यावर आले. सगळं पत्र तारखेसकट फळ्यावर उतरवलं, खाली प्रश्न लिहिला. निकाल लागून गेलेला. लोक बघत होते, थांबत कुणी नव्हतं. स्टूल डगमगत होतं. मी रागारागातच जाऊन ते धरलं. 

तेवढ्यात नगरसेवक इस्त्रीचे कपडे न्यायला आले. चालत, एकटेच. गठ्ठा घेतला आणि फळ्यासमोर उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचलं. इस्त्रीवाल्याचा हात थांबला. आता होऊनच जाऊ दे, असं मला झालं होतं.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. "उत्तर देतो. लेखी देतो."

"द्या," काका म्हणाले.

नगरसेवक जाईनात. गठ्ठा या हातातून त्या हातात घेत राहिले.

"घाणेकर, तुमच्याकडे जेवण कोण करतं?"

"मीच."

"मुलगा म्हणतो, डबा लावा. म्हटलं, भात तरी घरचा करू. रोज चिखल होतो."

काका स्टुलावरून उतरले. कुकर की पातेलं, त्यांनी विचारलं. पातेलं.

"मग तांदळावर बोट टेकवायचं. पहिलं पेर बुडेल एवढंच पाणी. त्याच्यावर थेंब नाही."

काकांनी डाव्या हाताचं बोट उभं धरून पेर दाखवलं. नगरसेवकांनी गठ्ठा काखेत धरला आणि आपलं बोट त्याच्या शेजारी उभं केलं. दोन्ही बोटांवर मतदानाची शाई अजून होती. नगरसेवक दोन्ही पेरं नीट बघत होते, आणि काकांनी हात खाली घेतला नाही.