तात्यांच्या फळीवरची झाकणं

आमच्या गावातून कुणाचंही बिऱ्हाड बाहेर पडलं, की त्यातलं एक झाकण गहिनी तात्या चोरतात.

‘चोरतात’ म्हटलेलं तात्यांना आवडत नाही. “ठिवून घेतो म्हन,” अशी ते दुरुस्ती करतात. दसरा झाला की आमच्या गल्लीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. तात्यांनी तोडीला जाणं केव्हाच सोडलंय. पण प्रत्येक ट्रॉलीपाशी हजर असतात. दोर आवळतील, शेळी कुठं बांधायची ते सांगतील, “ही गाठ हाय का शेवया?” म्हणून जवान पोरांना झापतील. ट्रॉली हलली की एक हात वर करून उभे राहतील. दुसरा हात उपरण्याखाली, आणि उपरण्याखाली काहीतरी गोल.

पुढं कारखान्यावर पोचल्यावर, पाचटाची कोपी, झोपडीच ती, उभी करून बाई पहिला भात टाकते तेव्हा तिला कळतं. पातेलं आहे, झाकण नाही. “तात्यानं ठिवलं गं बया,” म्हणत ती भातावर ताट ठेवते, आणि अख्खा हंगाम ताटच ठेवते. झुंबरमावशीनं एका साली सगळी झाकणं पोत्यात घातली आणि पोत्याचं तोंड दाभणानं शिवून टाकलं. तात्यांनी तिच्या किटलीचं झाकण उचललं.

हंगाम संपून माणसं परतली की ज्यानं त्यानं तात्यांच्या ओसरीवर यायचं, चहा घ्यायचा आणि आपलं झाकण न्यायचं. ते राखेनं घासून लख्ख केलेलं असतं. चेपलं असेल तर ठोकून सरळ केलेलं असतं. तोवर सगळी झाकणं ओसरीतल्या लांब फळीवर ओळीनं उभी. कुठलं कुणाचं हे तात्या ठोकलेल्या पोच्याच्या खुणेवरून ओळखतात. मांजर फळीवर चढलं की सगळी एकदम खणखणतात. मग तात्या म्हणतात, “बग, गाव बोलाया लागलं.”

कुणी कारण विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. “समदा संसार संगं नेला तर मानूस माघारी काहून येईल बे? घरी कायतरी अडलेलं पायजे. भांडं तुमचं, झाकन माजं.”

आता आमचं सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंबाजोगाईला बी.एस्सी. केलं, पुढं पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलो. तात्या मला तेव्हापासून नावानं हाक मारत नाहीत. “ये बीएस्सी” म्हणतात. गावात पुढं चार-पाच बी.एस्सी. झाले, पण ती हाक माझीच राहिली.

पुण्यात आमचं भागेना. पगार वाईट नव्हता. पण घरभाडं, शाळा, येण्याजाण्याचा खर्च यांतून महिन्याच्या शेवटी हातात फक्त थकवा उरायचा. मुलगी ईश्वरी मला जागेपणी रविवारीच भेटायची. कंपनीचं व्हिएतनाममधल्या दानांग शहरात छोटं ऑफिस होतं. तिथं त्याच पगारात घर चालून चार पैसे मागं पडतात, असं तिथून आलेला एक जण बोलला. लोक जास्त पगारासाठी परदेशी जातात. आम्ही स्वस्ताईसाठी निघालो. मी बदली मागून घेतली. पुण्याचं घर सोडलं, सामान गावच्या घरात आणून टाकलं आणि बॅगा भरायला बसलो. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, धाकट्या भावाकडे माजलगावला असतात. म्हणजे आमच्या मागं गावच्या घराला कुलूपच.

तात्या आले. उंबऱ्यात बसले.

“कोन्ता कारखाना म्हनलास?”

“कारखाना नाही, तात्या. दानांग. दुसरा देश हाय.”

“ऊस हाय का तिथं?”

“असंल. मला काय तोडायचा न्हाई.”

“मंग कशाला चाललास?”

“तिथं ऱ्हायला स्वस्त पडतं.”

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सुनीताकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं. “स्वस्त तर इथं बी हाय की. माज्या ओसरीला काय भाडं हाय?”

सुनीता हसली. पुण्याकडची आहे ती, तात्यांची ख्याती तिच्या कानावर होती. म्हणून तिनं आधीच बंदोबस्त केला होता. पातेल्यांची झाकणं साड्यांच्या घड्यांत, डब्यांना चिकटपट्टी. तात्या तिथंच बसून ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या दाबून बघत होते. “लई भरू नका, पीठ फुगतंय,” वगैरे सल्ले चालू होते. शेवटी बॅगांना दोर त्यांनीच आवळला. विमानाच्या बॅगेला दोर लागत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. जीप तेलगावच्या रस्त्याला लागेपर्यंत ते एक हात वर करून उभे होते.

दानांगला बॅगा उघडल्या. झाकणं मोजली, सगळी जागेवर. सुनीता विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघत होती. मग तिनं कुकर काढला. कपड्यात नीट गुंडाळलेला कुकर, आत मसाल्याच्या पुड्या, आणि वर नुसता कपडा.

पातेल्यावर ताट चालतं. कुकरवर काय ठेवणार? तिथं विजेचे कुकर मिळतात, आम्ही घेतलाही. पण तो शिट्टी देत नाही, आणि शिट्टी न देता शिजलेल्या डाळीवर सुनीताचा विश्वास बसत नाही. ती बटण दाबून दाराशी उभी राहायची, एखाद्यानं उसने नेलेले पैसे परत आणावेत अशी वाट बघत. आमच्या बिनझाकणाच्या कुकरात ती कढीपत्त्याचं रोप लावायला निघाली होती. मीच अडवलं.

तात्यांना फोन लावला. त्यांच्याकडं तडा गेलेल्या काचेचा मोबाइल आहे. व्हिडिओवर लावला तरी ते तो कानालाच धरतात. त्यामुळं आम्हाला कायम तात्यांचा कान दिसतो. मोठा, केसाळ, भिकबाळीचं भोक बुजत आलेला कान. ईश्वरी त्या कानालाच “आजोबा” म्हणते.

“तात्या, कुकरचं झाकण कुरियरनं पाठवता का?”

“कुरियरनं आलं तर तुमी कशाला याल?”

“अहो तात्या,” सुनीता मधे पडली, “डाळ शिजंना झाली हो.”

“मंग या शिजवाया. झाकन हितंच हाय.”

फोन ठेवल्यावर सुनीता दिवसभर तात्यांवर तोंडसुख घेत होती. “म्हातारा आहे म्हणून काय कुणाच्याही संसारात हात घालायचा?” शेवटी ती माझ्यावरच घसरली. “तुम्ही त्यांना एक शब्द बोलत नाही.”

तेव्हा मी तिला माझ्या चौथीच्या सालची गोष्ट सांगितली.

आई-दादांची बैलगाडी भरली होती. मी पोत्यावर दप्तर घेऊन बसलो होतो. दरसाल दिवाळीआधी माझी शाळा सुटायची आणि कारखान्यावर मी वासरं राखायचो. तात्या झाकण न्यायला आले. आई म्हणाली, “तात्या, यंदा न्हाई द्यायची. एकच झाकन ऱ्हायलंय.” तात्यांनी गाडीत नजर फिरवली आणि माझ्या दप्तरावर थांबवली. “बरं, झाकन ऱ्हाऊ द्या. हे पोरगं ठिवून घेतो.” दादा हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी मला बखोटीला धरून खाली उतरवलं आणि गाडी हाकायला लावली.

त्या सालापासून दहावीपर्यंत दर हंगामाला मी त्यांच्या ओसरीत, त्या फळीखाली झोपलो. तात्यांची बायको, मुक्ताकाकू, होत्या तेव्हा. त्या भाकरी करायच्या, तात्या मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे आणि मास्तरला म्हणायचे, “हे माज्याकडं ठिवलेलं हाय. जपून वापरा.” माझी पदवी कागदावर माझ्या नावानं आहे, पण ती मिळाली एका झाकणाच्या जागी राहून.

सुनीतानं विचारलं, “त्यांना मूलबाळ?”

दिगंबर. तात्यांचा एकुलता एक. फळीवर बरोबर मधोमध एक जागा रिकामी असते, तिथं तात्या कुणाचंच झाकण लावत नाहीत. कारण मला काकूंनी सांगितलं होतं. दिगंबर बायकोला घेऊन कर्नाटकातल्या कारखान्याला निघाला त्या दिवशी तात्या तापानं फणफणले होते, गाडीपाशी गेलेच नाहीत. तो सगळी भांडी झाकणांसकट घेऊन गेला. पुढं तिकडंच त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं. चांगला आहे, दिवाळीला फोन करतो. तोवर झाकण ठेवून घेणं ही तात्यांची गंमत होती. त्यानंतर त्यांनी एकही गाडी सोडली नाही.

दानांगनं आम्हाला वाईट वागवलं नाही. पहिल्या पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी आलं, घरमालकिणीशी भांडण झालं तेही हातवाऱ्यांनी, ज्वारीचं पीठ संपल्यावर भाकरीची आठवण काढून सुनीता एकदा नुसतीच तवा तापवून बसली. सणाला दार वाजवणारं कुणी नाही. पण संध्याकाळी मी उजेड असताना घरी येतो. ईश्वरीला घेऊन समुद्रावर जातो. तात्यांना व्हिडिओवर समुद्र दाखवला होता, एकदा कान बाजूला करायला लावून. बराच वेळ बघून म्हणाले, “एवढं पानी. आन् टँकर आमच्याकडं.” या सगळ्याचे मी उपकारच मानतो, त्या शहराचे आणि मला तिथवर पोचवणाऱ्यांचे.

म्हणूनच कंपनीनं आणखी दोन वर्षं राहता का विचारलं, तेव्हा आम्ही हो म्हणालो. अवघड होतं ते तात्यांना सांगणं. आम्ही परत यायची ते वाट बघतायत हे भाऊ सांगायचा. आमच्या घरापुढचं गवत ते खुरप्यानं काढत होते.

“तात्या, यंदा यायचं जमत न्हाई. अजून दोन वर्सं ऱ्हावं म्हनतो.”

कान हलला नाही. मागं कुठंतरी शेळी ओरडली. मला वाटलं फोन तुटला.

“तात्या?”

“हाय की. पोरगी काय खाती?”

“भात खाती. वरन तिला आवडत न्हाई, नीट शिजत न्हाई म्हनती.”

“बरं,” म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात माझा कॉलेजचा दोस्त सतीश व्हिएतनामला फिरायला आला. केजला त्याचं मेडिकल आहे. आल्या आल्या त्यानं मला शिव्या घातल्या. “तुझ्या तात्यानं विमानतळावर माझी इज्जत काढली बे. बॅगेत हे काय हाय म्हनून चौघांनी इचारलं.” आणि त्यानं बॅगेतून आमच्या कुकरचं झाकण काढलं.

तो येणार हे तात्यांना माझ्या भावाकडून कळलं होतं. तात्या एसटीनं केजला गेले, त्याचं दुकान शोधलं, आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत झाकण त्याच्या हातात दिलं. राखेनं घासलेलं. जुनं रबर कडक झालं होतं, ते बदललेलं. शिट्टी वेगळी फडक्यात बांधलेली.

“काही म्हणाले?” मी विचारलं.

“म्हनले, पोरगी उपाशी ठिवून कुनी माघारी येत नसतंय.”

सुनीतानं त्याच दुपारी डाळ लावली. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या आजी घाबरून दारात आल्या. काय फुटलं ते बघायला. त्यांना आम्ही वरण-भातच वाढला. ईश्वरीनं दोनदा मागून घेतला. सुनीता मात्र जेवता जेवता थांबली.

“म्हणजे आता तात्यांच्या फळीवर आपलं काहीच नाही.”

मी काही म्हणायच्या आत ती उठली. आमच्या भाताच्या पातेल्याला, तिथंच घेतलेल्या, एक काचेचं झाकण होतं. तिनं ते धुतलं, पुसलं, टॉवेलात गुंडाळलं आणि सतीशपुढं ठेवलं. सतीशनं कपाळाला हात लावला, पण नेलं.

गेल्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. स्वतःहून पहिल्यांदाच. मी म्हटलं, फळी दाखवा. बरीच खटपट होऊन कानाऐवजी ओसरी दिसली. हंगाम चालू आहे, फळी भरलेली. ॲल्युमिनियमची, स्टीलची, पितळेचं एक. मधली जागा रिकामीच. तिच्याशेजारी आमचं, खाली मऊ फडकं, दोन्ही बाजूंनी विटांचे तुकडे लावून टेकवलेलं. काचेतून मागची भिंत दिसत होती.

“ह्याचं भांडं कुटं हाय?” तात्यांनी विचारलं.

“आमच्याकडं हाय. भातावर ताट ठिवतो.”

“ठिवा.” कान परत आला. “पर काचंचं हाय बे, बीएस्सी. मांजर फिरतंय हितं. म्या किती दिस राखन करू?”