सूर्यचुलींची मोहीम आणि लिंबावरील फडकी

श्रीतथागतचरणी माथा ठेवून, घडले तैसेच लिहितो. पदरचे लिहीन तर बोटे झडोत.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी लेण्यांचे पायथ्याशी एक राज्य नांदत होते, त्यास लोक हॉटेल म्हणत. तेथील कारभारी पिराजीराव थोरवे, मोठे हिकमती, परंतु जिवास घडीभर स्वस्थता नाही. पर्यावरण राखणारास सरकारातून हरित मोहोर मिळते, ती आपले दारी लागावी हा एकच ध्यास. याकरिता गॅसच्या टाक्या परत पाठविल्या आणि सरपण हद्दपार केले आणि गच्चीवर सूर्यचुली मांडिल्या. चाकरमंडळींच्या भाकऱ्या कळकट फडक्यांत, त्या पाहुण्यांचे नजरेस पडू नयेत म्हणून वेशीबाहेर लिंबावर टांगाव्या ऐसाही हुकूम केला. मंडळींनी फडकी नेऊन लिंबावर टांगिली. शहाण्यापुढे कोण बोलतो?

मग सिंहलद्वीपीचे वीस भिक्षू दर्शनास येणार ऐसा खलिता आला, आणि मोहोरेचे तपासनीसही त्याच दिवशी येणार ऐसे कळले. भिक्षू दिवसात एकदाच जेवितात हे कारभाऱ्यांनी ऐकिले होते. तेव्हा ते जेवण रात्रीचेच, दिव्यांचे थाटात, ऐसे आपणच ठरविले. भिक्षू सकाळी दहास पावले, आणि त्यांतील सर्वांत वडील भिक्षू, ऐंशी वर्षांचे महाथेर, दुभाष्यामुखी बोलिले, "मध्यान्ह टळल्यावर आम्ही अन्न घेत नाही. काल वाटेत गाडी बिघडली, तेव्हापासून सर्व उपाशी आहेत."

कारभाऱ्यांचे तोंडचे पाणी पळाले. तत्काळ तांदूळ चढविले, तो आभाळ भरून आले. अकरा वाजले, तांदूळ पाण्यात जैसेचे तैसे. कारभारी गच्चीवर जात आणि खाली येत आणि घड्याळ पाहत आणि पुन्हा गच्चीवर जात. स्वयंपाकीण ठकूबाई बोलली, "सायब, तीन दगड मांडू का? भात व्हायला कितीसा येळ?"

"काडी पेटली की मोहोर गेली! तपासनीस दारात उभे आहेत."

"आन् ते म्हातारबा उपाशी ऱ्हायले तर?"

कारभारी महाथेरांकडे पाहू लागले. म्हातारे रिते भिक्षापात्र मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा कारभारी ओरडले, "जळो ती मोहोर! पेटवा!" परंतु पेटवावे काय? सरपण स्वतःच घालविलेले. मध्यान्हास घटका उरली.

ठकूबाई हळूच बोलली, "आमची फडकी हायेत की लिंबावर. पर ती दावायची न्हाईत, तुमचाच हुकूम."

कारभारी अनवाणी धावले. माळी, झाडूवाल्या, धोबी, सर्वांस हात जोडिले, आणि प्रत्येकाने आपापली भाकरी आणि ठेचा आणि कांदा भिक्षापात्रांत घातला. घड्याळात बारास पाच कमी होते. महाथेरांनी ठकूबाईची भाकरी स्वीकारिली, आणि कारभाऱ्यांस रडू कोसळले.

मग मेले ऊन पडले! सोळा पक्वान्ने शिजली, भिक्षूंनी केवळ पाणी घेतले. तेव्हा चाकरांस दिवाणखान्यात पाहुण्यांचे ताटांवर बसविले आणि कारभाऱ्यांनी खासा वाढिले. तपासनीस सर्व पाहत होते. त्यांनी कागदावर लिहिले, "मोहोर द्यावी, परंतु सूर्यचुलींकरिता नव्हे."

सारांश, मोहोर दारी लागली. फडकी आता मुदपाकखान्यात, खुंट्यांवर सर्वांदेखत असतात. पूर्वी बावीस होती, आता तेवीस आहेत. तेविसावे कारभाऱ्यांचे.