गणपतकाकांचा हिरवा

जेवणानंतर बरोबर दोन तासांनी आमचे शेजारी गणपतकाका ओसरीवर स्पिरिटचा दिवा लावून स्वतःची लघवी उकळायचे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात मोजून आठ थेंब. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं-नारिंगी म्हणजे बरीच, विटकरी म्हणजे खैर नाही. येणारेजाणारे नाक दाबून पाहायचे. काकांना लाज नव्हती. चाळीस वर्षं लुगडी अन् पागोटी रंगवलेला माणूस.

आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. बाप सरकी काढायच्या जिनात हमाल, आई कापूस वेचायला जायची. अमरावतीला राहून बी.एस्सी. झालेला मी घरातला पहिलाच. नोकरी लागेपर्यंत अकोल्यात बसून होतो, म्हणून नळी धुवायला काका मलाच बोलवायचे. "तुयं सायन्स काई तरी कामी येऊ दे."

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या साखरेत डोळ्याला हात लावणार नाही. जेवणानंतर दोन तासांनी रंग हिरव्याच्या पुढे जायला नको, सलग पंधरा दिवस. काकांनी विचारलं, "हिरवा म्हंजे कोणता? पोपटी, मेंदी का मुगी?" डॉक्टर वैतागले. काकांनी घरी येऊन तीन चिंध्या रंगवल्या, पुन्हा दवाखाना गाठला आणि पोपटीवर डॉक्टरांची सही घेऊन आले.

मोजणी सुरू झाली. दोन भाकरींची एक झाली, चहातला गूळ बंद. रोज मी जाईपर्यंत नळी रिकामी झालेली असायची, आणि काका सांगायचे, हिरवा आला. अकराव्या दिवशी मी जरा लवकर गेलो. काका म्हणाले, हिरवा. नळी पिवळीधमक होती. मी तसं बोललो.

"तू रंग कालेजात शिकला, मी हौदात शिकलो. मले सांगून राहिला?"

दोन दिवस बोलणं बंद.

तेराव्या दुपारी ते आमच्या दारात आले. नळी धोतराच्या सोग्यात झाकलेली. घरात मी एकटाच होतो.

"रंग सांग, बाबू."

नारिंगी होता. मी सांगितलं. काका उंबऱ्यावर बसले.

"चार महिने झाले, रंग दिसत नाई. कपडेबी वासावर रंगवून राहिलो. तुया काकूलेबी नाई सांगितलं."

मी नळी धुवून त्यांच्या हातात दिली. घरी गेल्यावर काकूंना त्यांनी स्वतःच सांगितलं. काकूंनी त्या दिवसापासून भाकरी थापताना गोळाच लहान केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून मोजलं. काका नळी तापवायचे आणि मुकाट्यानं माझ्याकडे द्यायचे. मी म्हणेन तो रंग. मधे दोनदा पिवळा आला, दोनदा मोजणी मोडली. मग सलग पंधरा दिवस हिरवा आला. डॉक्टरांनी काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. जाड भिंगाचा चष्मा लागला, आणि काकांना रंग दिसू लागले.