आजोबा गेल्याशिवाय सोफा हलणार नाही

हातात घेतलेलं काम मी पार पाडतोच. प्रॉडक्शन मॅनेजर आहे मी, चेष्टा नाही! दिग्दर्शकाला भर उन्हात धुकं लागतं, मी आणतो. हिरोला पांढरा घोडा लागतो, मी आणतो. घोडा हिरोला बसू देत नाही, मग घोड्याची समजूतही मीच काढतो. एवढं करून मालिकेच्या शेवटी माझं नाव येतं ते असं सुसाट पळतं, की माझ्या सख्ख्या आईला ते अजून वाचता आलेलं नाही.

सासूबाईंना तर मी नक्की काय करतो हे लग्नापासून कळलेलं नाही.

"तुम्ही नट आहात?"

"नाही."

"गोष्ट लिहिता?"

"नाही."

"मग तिथं करता काय?"

"सगळंच," मी छाती फुगवून म्हणालो होतो. तेव्हापासून कुणी विचारलं की त्या सांगतात, "जावई ना? करतात काहीतरी."

या सासूबाईंनी आम्हाला लग्नात एक सोफा दिला होता. पोपटी! कापड त्यांनी स्वतः निवडलं, स्पंज स्वतः बसून बघितला, सुताराला दोनदा रडवलं. आमच्याकडे आल्या की आधी त्या सोफ्यावरून हात फिरवतात, मग मुलीच्या पाठीवरून.

तर झालं काय, आमच्या मालिकेतले खलनायक मामा, देह तसा भरभक्कम, एका प्रसंगात संतापून सोफ्यावर बसले आणि सेटवरचा सोफा चारी पाय पसरून खाली गेला. दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तासाभरात दुसरा येईल." बायको ऑफिसात होती, घराची किल्ली माझ्या खिशात होती आणि प्रश्न एका दिवसाचाच होता. सोफा आला. दिग्दर्शक खूश, मीही खूश.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सेटवर एक बाई असतात, त्यांना आम्ही चित्रगुप्त म्हणतो. एका शॉटमध्ये जे दिसलं ते पुढच्या शॉटमध्ये तिथंच आणि तसंच दिसलं पाहिजे, यावर त्यांचा पहारा. कप डावीकडे असला की प्रसंग संपेपर्यंत डावीकडेच. प्रत्येक गोष्टीचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये. याला म्हणतात कंटिन्युइटी.

आणि त्याच दिवशी मालिकेतले आजोबा चक्कर येऊन नेमके माझ्या सोफ्यावर आडवे झाले. मालिकेतला डॉक्टर आला, नाडी बघितली आणि म्हणाला, "यांना इथून अजिबात हलवू नका."

झालं! आजोबा हलेनात म्हणून सोफा हलेना.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "सोफा कुठाय?"

"पॉलिशला दिलाय."

"कापडाच्या सोफ्याला पॉलिश?"

"पायांना गं."

"मग पायच न्यायचे होतेस." तिनं पर्स खाली ठेवली. "खरं सांग."

खरं सांगितलं. "शनिवारी संध्याकाळी आई येतेय, दोन दिवस राहायला," ती शांतपणे म्हणाली. "सोफा जागेवर नसला तर ती आल्या पावली परत जाईल, आणि तिच्याबरोबर मीही जाईन." ती गंमत करत असली की मध्येच तिला हसू फुटतं. त्या दिवशी फुटलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाच्या हातापाया पडलो. "आजोबांना लवकर घालवा हो. माझ्या संसाराचा प्रश्न आहे."

"शनिवारी सकाळी घालवू," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीनंतर सोफा तुझा."

शनिवारी मी टेम्पो दाराशी उभा केला, दोरखंड काढून ठेवले आणि आजोबांच्या मरणाची वाट बघत बसलो. पण आजोबा मरायला तयारच नव्हते. आजोबांचं काम करणारे नट मुरलेले. आज मेलो की उद्यापासून घरी बसायचं, हे ते पुरतं जाणून होते. पहिल्यांदा ते शेवटचं वाक्य विसरले. दुसऱ्यांदा त्यांना खरंच खोकला आला. तिसऱ्यांदा प्राण सोडला, छान सोडला, आणि दिग्दर्शक "कट" म्हणणार तेवढ्यात डोळे उघडून म्हणाले, "मनासारखं झालं नाही. पुन्हा मरतो."

"आजोबा, टेम्पो थांबलाय," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"मॅनेजरसाहेब, मरणात घाई करू नये," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

जेवणाची सुट्टी टळून गेली. चौथ्यांदा कॅमेरे सुरू झाले. आजोबा सोफ्यावर पसरलेले, पाय सोफ्याच्या हातावर टेकवलेले, पायांत चामडी चपला. सूनबाई हुंदके देतायत, मामा खोटं खोटं रडतायत. सगळीकडे चिडीचूप. आणि दारातून, हातात पिशवी घेऊन, आमच्या सासूबाई आत आल्या!

आदल्या रात्री त्यांनी मालिका बघितली होती. पडद्यावर आपला सोफा ओळखला होता. मुलीला एका शब्दानं न सांगता त्यांनी सकाळची बस पकडली आणि लोकांना विचारत विचारत थेट सेट गाठला. दारावरचा रखवालदार नंतर मला म्हणाला, "त्या अशा चालत आल्या साहेब, मला वाटलं, मोठ्या नटीच असणार." मी त्यांना अडवायला उठलो, तर चित्रगुप्तांनी माझी कॉलर धरून खाली बसवलं. कॅमेरा सुरू असताना कुणी हलायचं नाही, हा नियम मीच भिंतीवर लावला होता.

सासूबाई सोफ्यापाशी गेल्या. कापडावरून हात फिरवला. मग आजोबांकडे बघितलं आणि कठोर आवाजात म्हणाल्या, "पाय खाली घ्या."

माझ्या डोळ्यांपुढे बायको बॅग भरताना दिसायला लागली.

पण आजोबा कसलेले! त्यांनी सासूबाईंकडे टक लावून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. शहाण्या मुलासारखे त्यांनी पाय खाली घेतले, "चुकलो," असं पुटपुटले आणि असे गेले, असे गेले, की मामासुद्धा खरंखुरं रडायला लागले.

"कट!" दिग्दर्शक डोळे पुसत ओरडला. "हे कुणी लिहिलं? आणि या बाई कोण?"

"माझ्या सासूबाई," मी म्हणालो. "चुकून आल्या. पुन्हा घेऊ या."

"मी पुन्हा मरणार नाही," आजोबा उठून बसत म्हणाले. "असं मरण एकदाच येतं."

आजोबा पुन्हा मरेनात, म्हणून तोच शॉट ठेवायचं ठरलं. त्या शॉटमध्ये सासूबाई होत्या, म्हणजे त्या पुढच्या शॉटमध्येही हव्यात! चित्रगुप्तांनी पिशवी, चष्मा, कपाळावरच्या आठ्या, सगळ्यांचे फोटो काढले आणि फर्मान सोडलं, "यांनी आता इथून हलायचं नाही." लेखकानं तिथल्या तिथं ठरवलं, की या आजोबांच्या थोरल्या भगिनी आणि घराच्या खऱ्या मालकीण. मृत्युपत्र निघेपर्यंत या सोफ्यावरून उठणार नाहीत.

आता मला वाटलं, सासूबाई फाडून खातील. त्यांनी लेखकाला विचारलं, "म्हणजे मी इथं बसायचं, आणि कुणी पाय वर घेतले की बोलायचं?"

"हो, एवढंच."

"जमेल," त्या म्हणाल्या.

बायकोनं अर्थात माहेरी जाण्याची धमकी मागे घेतली. जाणार कुठं? माहेर इकडेच राहायला आलंय. प्रेक्षकांना थोरल्या भगिनी इतक्या आवडल्या, की मृत्युपत्र काही निघत नाही. दोन दिवसांसाठी आलेल्या सासूबाई आमची आतली खोली धरून आहेत, सोफा सेटवर आहे आणि मी माझ्याच घरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. रोज सकाळी त्यांच्यासाठी गाडी बोलावतो, चहा गरम आहे की नाही बघतो, ऊन लागलं तर छत्री धरतो. कामच आहे ते माझं.

परवा शेजारच्या काकूंनी त्यांना जिन्यात गाठलं आणि कौतुकानं विचारलं, "जावई काय करतात हो तुमचे?"

मी मागेच होतो, त्यांची पिशवी घेऊन. म्हटलं, आता तरी कळलंच असेल.

"ते होय?" सासूबाई म्हणाल्या. "आधी काही करत नव्हते. आता मी ठेवलंय त्यांना, माझ्या सेटवर."