आबासाहेबांची प्लास्टिकची पलटण

सासऱ्यांच्या पलटणीला एकदा स्वच्छ आंघोळ घालायची, एवढंच उदयसिंहरावांनी ठरवलं होतं.

माणूस साताऱ्याचा, नोकरी बडोद्याची आणि बायको मृदुला बडोद्याच्या जयवंतराव ऊर्फ आबासाहेबांची एकुलती एक लेक. हरणीच्या सोसायटीत हे वरच्या मजल्यावर, सासरे खालच्या. सत्त्याण्णव साली लग्नाला तीन वर्षं झाली, तरी सासरे जावयाशी दोनच वाक्यं बोलत : ‘जेवलात का?’ आणि ‘या मग.’ पूर्वज संस्थानच्या फौजेतले. शब्द खर्च करायची घराण्याला सवय नव्हती. आपण त्यांना पसंत आहोत की नाही, हे काही उदयसिंहरावांना कळेना आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे. (तसं ते कुणाला बोलून दाखवत नसत. फक्त बायकोला रोज विचारत.)

आबासाहेबांचा जीव बारा शिपायांत. मूळचे ते प्लास्टिकचे विलायती सोजीर. आबासाहेबांनी त्यांचे टोप कापले, एमसीलच्या पगड्या वळून बसवल्या, बंदुकांचे भाले केले आणि सगळ्यांना बडोद्याच्या फौजेत भरती करून घेतलं. दर दसऱ्याला शस्त्रपूजेआधी प्रत्येकाला रंगाचा नवा हात. पुटांवर पुटं चढून आता पलटणीला गालगुंड झाल्यासारखं दिसे. नाक कुठलं न् मिशी कुठली, कळायची सोय नव्हती.

आबासाहेब चार दिवस कोल्हापूरला लग्नाला गेले. येत्या रविवारी त्यांची पंचाहत्तरी. तोवर जुना रंग उतरवून पलटण कोरी करकरीत करायची, मग सासरे तिसरं वाक्य बोलल्याशिवाय राहत नाहीत, असा जावईबापूंचा बेत.

“अहो, आधी एकावरच करून बघा,” मृदुला म्हणाली. “आणि दुकानात मी येते बरोबर.”

“कशाला? मला गुजराती येतं.” (खंडेराव मार्केटात भाजी घेताना ‘केटला?’ आणि ‘बस’ हे दोन शब्द ते फर्डे बोलत.)

रावपुऱ्यातल्या रंगाच्या दुकानात गोविंदभाईंनी थिनरचा डबा काढला.

“प्लास्टिकना सिपाही छे. आनाथी कलर निकळशे?”

गोविंदभाईंनी डबा मागे ओढला. “प्लास्टिक? अरे साहेब, कलर शूं, बधूं ओगळी जशे.”

सगळं ओघळून जाईल! यापेक्षा भक्कम हमी ती कोणती? उदयसिंहरावांनी पैसे टेकवले, डबा जवळजवळ हिसकावला आणि स्कूटरला किक मारली. मागून गोविंदभाई “साहेब, सांभळो तो” म्हणून हाका मारत राहिले. सांभाळून जा म्हणतोय बिचारा, म्हणून यांनी प्रेमाने हात केला.

मृदुलाच्या शब्दाखातर त्यांनी एकच शिपाई निवडला. मागच्या रांगेतला, जाडसर, मान कलती. गेलाच तर हा गेलेला बरा. त्याला थिनरच्या वाटीत सोडून ते चहा प्यायला गेले. परत येऊन बघतात तर रंग ओघळला होता. पायही ओघळले होते. बघता बघता धडही गेलं. वाटीत करडी खळ आणि तिच्यात शाबूत पगडी.

“गोविंदभाई नक्की काय म्हणाले?” मृदुलाने शांतपणे विचारलं.

“बधूं ओघळी जशे.”

“ओगळी. म्हणजे विरघळून. आणखी काही?”

“सांभाळून जा म्हणाले.”

“सांभळो म्हणजे ऐका, अहो.”

बाकीचे अकरा तिने ताब्यात घेतले. दिवसभर डेटॉलमध्ये बुडवले आणि जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासले. (शाळेत असताना तिने आबांचा एक घोडा असाच सोलला होता.) प्लास्टिकला ओरखडा नाही आणि रंग सालीसारखा सुटला.

रविवारी कोल्हापूरहून परतलेले आबासाहेब दारातच थबकले. “डेटॉलचा वास? कोण पडलं?”

उदयसिंहरावांनी तळहातावर पगडी ठेवून हात पुढे केला आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

आबासाहेब अकरा चेहऱ्यांवरून एकेक करत बोट फिरवत गेले. “हे आमचे पणजोबा. हे चुलत आजोबा. किती वर्षांनी दिसले हो.” त्यांचे डोळे भरून आले. मग ते रिकाम्या जागेशी थांबले.

“बारावा कोण होता, ठाऊक आहे?”

उदयसिंहरावांनी नकारार्थी मान हलवली.

“तुमच्या लग्नाच्या वर्षी केला होता. घरात माणूस आला की पलटणीत एक वाढतो. जावईबापू, ते तुम्ही होता.”

तीन वर्षं ज्या पसंतीसाठी झुरलो ती कपाटात उभीच होती आणि आपण ती वाटीत घालून चहा प्यायला गेलो, हे कळल्यावर उदयसिंहरावांना रडूच फुटलं. आबासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“पुसा डोळे. पगडी राहिली आहे ना? माणूस काय, नवा करता येतो. उभे राहा, मापं बघू.”

त्यांनी जावयाला डोक्यापासून खाली न्याहाळलं. नजर पोटापाशी आली आणि तिथेच बराच वेळ थांबली.

“मृदुला,” ते म्हणाले, “बाजारातून दोन शिपाई आण. एकात हे बसायचे नाहीत.”