नाकवाली गाडी

सुदामभाऊंनी मला फसवलं. दिग्रसच्या बाजारात मला बोलण्यात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय असं लोक म्हणत. हरवलं ते एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं, आणि तेही माझ्याच गाडीत बसून, वाटेत माझाच चहा पिऊन.

भाऊंना एकच वेड होतं, नाकवाल्या गाडीचं. म्हणजे इंजिन पुढे बाहेर आलेली, लांब तोंडाची जुनी लाल बस. आजच्या बसला ते चपटा डब्बा म्हणत. नाकवाल्या गाड्या रस्त्यावरून कधीच गेल्या होत्या, पण भाऊंचा विश्वास गेला नव्हता. दुरून जड इंजिनाचा आवाज आला की हातातलं टाकून ते रस्त्याकडे धावत. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी घेऊन पळाले. निघाला पाण्याचा टँकर. माझ्या पुतणीच्या हळदीत बायांना ओलांडून बाहेर गेले, आणि तोंड पाडून परत आले. "डब्बाच होता बाप्पा."

यवतमाळहून कोणी आलं की प्रकृती विचारायच्या आधी यांचा सवाल, "नाक दिसलं काय कुठं?" नवा पाहुणा बिचारा रुमाल काढून आपलंच नाक पुसायचा.

ती वर्षं कापसानं रडवलेली. भाव पडले, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगा एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांतलं लोखंड मी घेऊ लागलो. सायकलवर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, विकून मी उभा राहिलो आहे. जुना माल कसा घ्यायचा ते मला कोणी शिकवू नये. तोंड वाकडं करायचं, गंज दाखवायचा, उठून निघायचं नाटक करायचं.

बाभुळगावकडच्या एका बंद जिनिंगच्या आवारात नाकवाली उभी आहे, ही खबर भाऊंनीच आणली. मालकानं ती कधीतरी लिलावात घेऊन सरकीची पोती ठेवायला वापरली होती. चाकं नव्हती, विटांवर उभी होती. मला त्यात लोखंड दिसलं. भाऊंची अट एवढीच, की मले संग ने.

मी सौदा रंगात आणला. पत्रा सडलाय, इंजिन नाही, तोडायची मजुरी माझ्याच अंगावर. मालक भावात पार खाली आला. तो होकाराची मान हलवणार एवढ्यात भाऊ त्या लांब नाकावरून हात फिरवत म्हणाले, "मालक, अशी गाडी साऱ्या जिल्ह्यात उरली नाई. हा गजू तोडून टाकीन हिले. कायले देता?"

मालकाचा चेहराच बदलला. गाडी आता विकायची नाही म्हणाला, फाटकापाशी शोभेल.

मी भाऊंना तिथेच नको नको ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे त्या नाकवालीत चढले. त्यांना ओढून काढायला मीही मागोमाग चढलो. आत सरकीचा वास होता. पुढचे दोन-तीन बाक तेवढे शिल्लक होते. 'स्त्रियांसाठी राखीव' लिहिलेल्या बाकावर भाऊ कडेला बसले होते, खिडकीकडची जागा सोडून. मी तिकडे सरकलो तसा त्यांनी हात आडवा केला.

"तिथं नोको बसू गजू. यशोदाची जागा हाय."

यशोदावहिनींना जाऊन जमाना झाला होता.

मग कळलं. लग्न होऊन वहिनी आल्या त्या नाकवाल्या गाडीतून. त्या पुढे बायांत, भाऊ मागे गड्यांत. पुढे बाजाराला, माहेराला, सगळीकडे तसंच. गाडीत कोणीतरी गावचं असायचंच, आणि बायकोला चिकटून बसला तर लोक हसायचे. म्हणून भाऊ मागे दांडा धरून उभे राहत.

"तिचा अंबाडा तेवढा दिसे मले," ते म्हणाले. "शेवटी यवतमाळच्या दवाखान्यातून आणली, तई तिच्या बाजूची जागा खाली होती. तिनं दोनदा मागं वळून पाह्यलं. मी गेलो नाई."

मी मागे जाऊन दांडा धरून उभा राहिलो.

माझा सौदा मोडला त्याचं मी भाऊंशी बघून घेईन. पण वहिनींना दवाखान्यातून आणलं त्या दिवशी गाडीत कोण कोण बसलं होतं, ते मला हवं आहे. आजारी बायकोजवळ नवरा बसला म्हणून हसणार होते, ते कोण? असतील कोणी जिवंत तर समोर या. मला तुमच्याशी बोलायचं आहे.