सोपानमामांचा घरंदाज वारा

समस्त ग्रामस्थ, आलेले पाहुणे आणि पारावर आडवे झालेले ज्येष्ठ यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, आज सकाळपासून वारा पडलेला आहे. सबब सोपानमामा कोणाशीही बोलणार नाहीत.

ही घोषणा मी खरोखरच एकदा लाऊडस्पीकरवरून केली होती. आमच्या गावात मंडप माझा, खुर्च्या माझ्या आणि लाऊडस्पीकरही माझाच. त्यामुळे गावाला काय कळवायचं आणि कोणत्या आवाजात, हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे आपोआप आलेला आहे. घोषणेत एक अक्षर खोटं नव्हतं. वारा पडला की मामा तोंड मिटून घेत. चहा विचारला तर नुसती मान हलवत. आणि झुळूक आली की समोर कलेक्टर असला तरी त्याचं वाक्य अर्ध्यात तोडून टोपी काढत आणि म्हणत, "आला. जरा सरकून बसा."

वाऱ्याशी त्यांचं नातं घरी आलेल्या पाहुण्याशी असावं तसं होतं. बिडी पेटवताना सगळं जग वाऱ्याकडे पाठ करतं. मामा तोंड करून उभे राहत. अर्धी काडेपेटी संपे, बिडी थंडच. मी एकदा म्हणालो, मामा, जरा वळा की. तर म्हणाले, "वळखीच्या मानसाला पाठ कशी दावावी?" माझ्या मंडपाची कनात कोणत्या बाजूने बांधायची ते मामाच सांगत. जिंतूरला जाताना एस.टी.त कोणत्या खिडकीला बसायचं, तेही तेच सांगत. एका अंत्यविधीला तर त्यांनी शोकाकुल मंडळींना उठवून दुसऱ्या बाजूला नेलं होतं. सगळे उठले, आणि पाचच मिनिटांत चितेचा धूर आधीच्या जागेवर गेला.

हा अधिकार त्यांनी खळ्यावर कमावला होता. मळणीयंत्रं यायच्या आधी ज्वारी उपणायला अख्खं गाव मामांना बोलवायचं. उंच तिवईवर उभं राहायचं, डोक्यावर टोपली धरायची आणि वाऱ्यात धान्य ओतायचं. भूस उडून पलीकडे पडतं, दाणा खाली राहतो. मध्येच वारा थांबला की दुसरा माणूस खाली उतरून पाणी प्यायचा. मामा भरलेली टोपली डोक्यावर घेऊन तसेच उभे. "मी उतरलो की त्येला वाटंल काम झालं. जावयावानी हाय त्याचं, मान दिला तर येतो." खाली मामी पाट्या भरून देत आणि मामांना उद्देशून जे बोलत, ते माझ्या लाऊडस्पीकरवरून सांगता येणार नाही.

पुढे यंत्रं आली. आता दाणे थेट पोत्यात पडतात. मामी गेल्या, लेक पोखर्णीला दिलेली. मामा गावाबाहेरच्या खळ्यावर छप्पर घालून राहू लागले. कोणाचंही कणीस तिथे येत नाही, तरी मामा खळं झाडून, शेणाने सारवून ठेवत. का, असं विचारलं तर वाऱ्याकडे बघत. वारा नसला तर उत्तरच नाही.

आणि अशा या गावात सरपंच सुमनबाईंनी ग्रामसभेत जाहीर केलं की आपण पवनचक्की लावायची. मोठी नाही, गावाला झेपेल अशी. लाइट गेली की समाजमंदिर आणि शाळेपुढचा रस्ता तरी उजेडात राहावा. बाईंनी कुठेतरी अशी चक्की पाहिली होती, आणि बाईंनी एखादी गोष्ट पाहिली की ती गावात आलीच म्हणून समजा. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे हातभार लावला. मी आवाज लावला.

परभणीहून इंजिनिअर साहेब आले. ते म्हणाले, आधी काही महिने यंत्राने वारा मोजावा लागेल, तरी म्हसोबाची टेकडी बरी दिसते. यावर सभा हसली. सोपानमामा जिवंत असताना वारा यंत्राने मोजायचा? मामा उठले. बोट ओलं केलं, वर धरलं, डोळे मिटले. एवढी शांतता आमच्या ग्रामसभेत त्याआधी फक्त हिशेब मागितल्यावर झाली होती.

"खळ्यावर लावा," मामा म्हणाले. "टेकडीवरचा वारा दांडगट हाय. त्येला वळन न्हाई. माझा वारा घरंदाज हाय."

घरंदाज वाऱ्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. इंजिनिअर साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि गावाची मर्जी म्हणाले.

खांब उभा करायला सगळं गाव खळ्यावर लोटलं. पुरुष दोरांना लटकलेले, बाया डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या असं सांगायलेल्या, आणि मी माईकवरून दोन्हीकडं घ्यायला सांगत होतो. मामा मात्र यजमान. कोणाला पाणी दे, कोणाला पोतं अंथरून दे. मुलीचं लग्न असल्यासारखी धावपळ.

उद्घाटनाला नारळ फुटला. मी माझ्या खास लग्नातल्या आवाजात म्हणालो, आता पंखा फिरेल. झुळूक आली. सुमनबाईंचा पदर हलला. पंखा हलला नाही. मामांनी टोपी काढली. पंख्याने दखल घेतली नाही.

"वारा हाय," मामा म्हणाले आणि पुरावा म्हणून मूठभर भूस वर धरून सोडलं. काय सुंदर उडालं ते. एका ओळीत, सावकाश, जणू कोणी फुंकर मारून नेलं. "वारा हाय. पंख्यातच खोट हाय."

तेव्हा गर्दीतून गयाबाई पुढे आल्या. गयाबाई म्हणजे जन्मभर मामींबरोबर खळ्यावर राबलेली म्हातारी. त्या म्हणाल्या, "आरं, खळं कुठं करतेत? भूस उडावं अन् दाना ऱ्हावा, तिथं. दाना उडवनारा वारा असता तर आपल्या बापजाद्यानं हितं खळं केलं असतं का?"

सगळं गाव शेतकरी. सगळ्यांना हे ठाऊक होतं. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कोणी पंख्याकडे बघेना, कोणी इंजिनिअर साहेबांकडे बघेना. शेवटी सगळ्यांनी मिळून मामांकडे बघितलं, कारण ते सोपं होतं.

त्या दिवसापासून गावाला नवा उद्योग मिळाला. संध्याकाळी खळ्यावर जायचं आणि पंखा फिरतो का ते बघायचं. अधूनमधून तो एखादी गिरकी घ्यायचा, खांबावरचा दिवा विस्तवासारखा लाल व्हायचा, आणि लोक देवाचा साक्षात्कार झाल्यासारखे हात जोडायचे. पैजा लागायच्या, हरलेल्याने चहा पाजायचा. कोणी म्हणायचं, "मामा, जावई रुसला का?" मामा शिव्या घालायचे. पण मी पाहत होतो, दुपारीच खळ्यावर सडा पडलेला असे. पोती अंथरलेली, चुलीवर चहाचं आधण चढलेलं. कपांची संख्या हळूहळू वाढत चालली होती. गयाबाईंना टेकायला मामांनी दगड आणून ठेवला होता.

आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की वारा पार पडलाय, झाडाचं पान हलत नाही, आणि मामा बोलतायत. नुसते बोलत नाहीत, मामी पाट्या भरताना कशा शिव्या द्यायच्या त्याची नक्कल करून दाखवतायत. गयाबाई तोंडाला पदर लावून हसतायत. मी ती गोष्ट घोषणेसाठी मनात टिपून ठेवली आणि विसरलो.

पण दिवा काही लागेना. लाइट गेली की शाळेपुढचा रस्ता पहिल्यासारखाच अंधारात. सुमनबाई किती दिवस गप्प बसणार? चक्की म्हसोबाच्या टेकडीवर हलवायचं ठरलं. मामांना कोणी सांगायचं, यावर सभा लांबली, आणि ते काम तोंडाळ म्हणून माझ्याकडे आलं. मी भाषण तयार करून गेलो. तुमचा अनुभव, गावाचा मान वगैरे. मामांनी पहिल्या वाक्यालाच हात वर केला. "दांडगटच पायजे त्या पंख्याला. माझं चुकलं. न्या."

खांब उतरवायला पुन्हा सगळं गाव आलं. मामा दोराला सगळ्यात पुढे. खांब हलकेच ट्रॉलीत निजवला, पंख्याची पाती पोत्यात गुंडाळली. जिथे खांब होता तिथे खड्डा उरला. मामांनी तो लगेच बुजवला आणि पायाने दाबून सपाट केला. लोक कपडे झाडून निघायच्या तयारीत. ट्रॅक्टर सुरू झाला.

मी आभाराची घोषणा करायला माईक उचलला. प्रसंगाला साजेसं मी बरंच काही बोलणार होतो. मामा माझ्याजवळ आले. त्यांना माझ्या कानात काहीतरी सांगायचं होतं, म्हणून मी वाकलो, आणि माईकही माझ्याबरोबर वाकला. वारा अजिबात नव्हता. त्यामुळे मामांचं बोलणं खळ्यावर, ट्रॅक्टरवर, गावात, पार वेशीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

"पंखा न्या बाबा, पन तुमी समदे येत जावा."